शांतिस्वरूप भटनागर : विद्यापीठातून सचिवालयाकडे

शांतिस्वरूप भटनागर हे नाव आपल्याकडे आता माणसाचे राहिलेले नाही. ते पारितोषिकाचे झाले आहे. १९५८ साली या नावाचे पहिले पारितोषिक के. एस. कृष्णन यांना मिळाले आणि पुढे सहा दशकांहून अधिक काळ भारतीय शास्त्रज्ञाच्या कर्तबगारीचे ते प्रमाण मानले गेले. २०२४ पासून तरुण शास्त्रज्ञांना मिळणाऱ्या राष्ट्रीय पुरस्कारालाही त्यांचेच नाव जोडलेले आहे. परंतु हा माणूस स्वतः कशाचा शोध घेत होता, असे विचारले तर चांगल्या सुशिक्षितांचीही पंचाईत होईल. राष्ट्रीय प्रयोगशाळांचे जनक, सर हा किताब मिळालेले प्रशासक, नेहरूंचे विश्वासू सचिव, इतकी ओळख सांगून आपण थांबतो.

भटनागर मुळात प्राध्यापक होते आणि त्यांचा विषय होता कलिलांचा. १९२१ ते १९४० अशी सुमारे एकोणीस वर्षे त्यांनी विद्यापीठात शिकवले, विद्यार्थी घडवले आणि चिखल, तेल, साबण, डिंक असल्या अप्रतिष्ठित पदार्थांच्या स्वभावाचा अभ्यास केला. त्यांच्या आयुष्याकडे या एकोणीस वर्षांच्या बाजूने पाहिले म्हणजे एक अडचणीचा प्रश्न समोर उभा राहतो. विद्यापीठात राहून मूलभूत संशोधन, अध्यापन आणि उद्योगाची सेवा ही तिन्ही कामे एकाच छपराखाली करता येतात, हे ज्याने स्वतः सिद्ध करून दाखवले, त्याच्याच हातून या देशातील संशोधन विद्यापीठाबाहेर का गेले?

भटनागरांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. वडील परमेश्वरी सहाय शिक्षक होते आणि ब्राह्म मताचे होते. मुलगा आठ महिन्यांचा असतानाच ते वारले. घरात मागे काही उरले नव्हते, म्हणून लहान मुलाला घेऊन आई माहेरी, संयुक्त प्रांतातील सिकंदराबादेस आली. आजोबा रुरकीत शिकलेले इंजिनिअर होते. त्यांच्या घरात यंत्रे आणि उपकरणे होती. तशीच उर्दू कविताही होती, कारण गालिबचे शिष्य हरगोपाल तुफ्ता यांच्याशी या आजोळचे नाते होते. यंत्र आणि शेर यांचा हा संस्कार भटनागरांच्या अंगी अखेरपर्यंत टिकला. पुढे लाहोरच्या दयाळसिंग महाविद्यालयात शिकताना त्यांनी लिहिलेल्या ‘करामाती’ या उर्दू एकांकिकेला बक्षीस मिळाले. त्याच सुमारास, १९११ साली, अलाहाबादच्या ‘लीडर’ या वृत्तपत्रात त्यांचे एक पत्र छापून आले. विद्युत घटातील कार्बनच्या कांड्यांऐवजी काकवी आणि कार्बनयुक्त द्रव्ये दाबून व तापवून कांड्या कशा करता येतील, हे त्यात सांगितले होते. पत्र लिहिणारा तेव्हा सतरा वर्षांचा होता.

१९१९ मध्ये एम. एस्सी. झाल्यावर दयाळसिंग न्यासाची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेला जाण्यासाठी निघाले आणि लंडनला अडकले. महायुद्ध नुकतेच संपले होते आणि अटलांटिक ओलांडणारी जहाजे मायदेशी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी भरून जात होती. जागा मिळेना, तेव्हा न्यासाच्या संमतीने ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एफ. जी. डॉनन यांच्याकडे राहिले. जहाजात एक जागा मिळाली असती तर भटनागर कदाचित दुसऱ्याच विषयाकडे वळले असते. डॉनन हे कलिल रसायनाच्या जगातील मोठे नाव होते. पातळ पडद्याच्या दोन बाजूंना विद्युतभारित कणांची वाटणी कशी होते याविषयीचा त्यांचा १९११ चा सिद्धांत जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही शिकवला जातो.

कलिल म्हणजे काय, हे समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. स्वयंपाकघर पुरेसे आहे. मीठ पाण्यात विरघळते तेव्हा त्याचे कण अणुरेणूंच्या मापाचे होतात. वाळू पाण्यात टाकली तर तळाशी बसते. या दोहोंच्या मध्ये पदार्थांची एक मोठी वसाहत आहे. तिच्यातील कण रेणूंपेक्षा पुष्कळ मोठे, परंतु डोळ्यांना न दिसण्याइतके लहान असतात. ते ना विरघळतात, ना खाली बसतात. दूध, दही, शाई, रक्त, गोंद, साबणाचे पाणी आणि नदीचा गढूळ गाळ ही सारी या वसाहतीतील प्रजा. दुधाच्या सायीत स्निग्ध पदार्थाचे थेंब पाण्यात तरंगत असतात. लोण्यात त्याच्या उलट स्थिती असते. तेथे पाण्याचे थेंब स्निग्ध पदार्थात अडकलेले असतात. रवीने घुसळता घुसळता ही उलथापालथ घडवून आणणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना तिचे शास्त्र सांगण्याची गरज भासली नाही. अशा मिश्रणांना पायस म्हणतात. पायसात थोडा क्षार पडला की तेलातले पाणी आणि पाण्यातले तेल यांची अदलाबदल कशी होते, हा लंडनमध्ये भटनागरांच्या संशोधनाचा एक विषय होता. उच्च मेदाम्लांचे धातूंशी बनलेले क्षार, म्हणजे एका अर्थाने साबणच, तेलात किती विरघळतात आणि त्यामुळे तेलाचा पृष्ठताण कसा बदलतो, यावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९२१ साली डी. एस्सी. पदवी मिळवली.

त्याच वर्षी ते काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथे ते तीनच वर्षे होते, पण त्या विश्वविद्यालयाचे कुलगीत त्यांच्याच लेखणीतून उतरले. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने कुलगीत लिहावे आणि ते शंभर वर्षे गायले जावे, ही गोष्ट सहसा घडत नाही. १९२४ मध्ये ते लाहोरला पंजाब विद्यापीठात भौतिकी रसायनाचे प्राध्यापक आणि विद्यापीठाच्या रासायनिक प्रयोगशाळांचे संचालक म्हणून गेले. पुढची सोळा वर्षे त्यांच्या वैज्ञानिक जीवनातील सर्वांत सकस वर्षे होत.

लाहोरमधील ज्या प्रकरणाने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, त्याची सुरुवात चिखलापासून झाली. रावळपिंडीच्या बाजूला अटक ऑइल कंपनी तेलासाठी विहिरी खणत होती. अशा विहिरीत पोकळ नळातून चिकणमातीचा पातळ चिखल सतत खाली सोडावा लागतो. तो पाते थंड ठेवतो, खरवडलेला दगडाचा भुगा वर घेऊन येतो आणि विहिरीच्या भिंतींना आतून धीर देतो. कंपनीची अडचण अशी झाली, की खाली खाऱ्या पाण्याचा थर लागताच हा चिखल घट्ट होऊ लागला आणि खणण्याचे काम अडले. इंजिनिअरांच्या दृष्टीने हा दैवाचा कोप होता. भटनागरांच्या दृष्टीने हे पाठ्यपुस्तकातले प्रकरण होते. मातीच्या सूक्ष्म कणांवर सारख्याच जातीचा विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि चिखल वाहता राहतो. मिठाचे पाणी मिसळले की भारांचे हे कवच आखडते, कण एकमेकांना चिकटतात आणि सारा चिखल गोठून बसतो. यावर भटनागरांनी सुचवलेला उपाय होता डिंकाचा. त्यांनी चिखलात एक भारतीय डिंक मिसळायला सांगितला. डिंकाचे लांब रेणू मातीच्या कणांभोवती लपेटून बसतात आणि क्षाराला न जुमानता त्यांना परस्परांपासून अलग ठेवतात. आपल्याकडे पोथ्या लिहिणारे दिव्याच्या काजळात बाभळीचा डिंक घोटून शाई करीत. काजळी तळाशी बसू नये म्हणून केलेली ती योजना आणि तेलविहिरीतील ही योजना तत्त्वतः एकच.

उपाय लागू पडला. कंपनीच्या मागे असलेल्या लंडनच्या स्टील ब्रदर्स या पेढीने खूश होऊन पेट्रोलियमविषयक संशोधनासाठी भटनागरांपुढे दीड लाख रुपये ठेवले. त्या काळी प्राध्यापकाच्या आयुष्यभराच्या मिळकतीशी तुलना करावी अशी ही रक्कम होती. भटनागरांनी ती स्वतः घेतली नाही; ती विद्यापीठाच्या हवाली करायला लावली. तिच्यातून विद्यापीठात पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा राहिला आणि सहा संशोधकांना छात्रवृत्त्या मिळाल्या. काम पाहून पेढीने मुदत पाच वर्षांची दहा वर्षे केली आणि छात्रवृत्त्या सहाच्या दहा केल्या. आपल्याकडे अशा प्रसंगी त्यागाच्या कथा सांगण्याची सवय आहे आणि या प्रसंगाचीही तशी कथा झाली आहे. आमच्या मते त्यागापेक्षा येथील हिशेब अधिक महत्त्वाचा आहे. एका माणसाच्या खिशात गेलेल्या पैशाने एक घर बांधले गेले असते; विद्यापीठात गेलेल्या पैशाने दहा तरुण दहा वर्षे कामाला लागत होते, हे या व्यवहारचतुर प्राध्यापकाने ओळखले. १९३४ साली मेघनाद साहांनी पत्र लिहून त्यांचे अभिनंदन केले. विद्यापीठातील शिक्षकाची समाजातील प्रतिष्ठा या कृतीने वाढली, असा त्या पत्राचा आशय होता. हे पत्र आणि ते लिहिणारे साहा यांची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

उद्योगपतींची कामे करीत असताना भटनागरांचे मूलभूत काम थांबले नव्हते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. पदार्थ चुंबकाकडे किती ओढला जातो किंवा त्याच्यापासून किती दूर सारला जातो, यावरून त्याच्या रेणूंची आतली मांडणी ओळखण्याचे शास्त्र तेव्हा नवीन होते. ही ओढ अतिशय क्षीण असते. ती मोजण्यासाठी भटनागर आणि त्यांचे सहकारी के. एन. माथुर यांनी १९२८ साली एक तराजू तयार केला. त्यात पदार्थाचे सूक्ष्म सरकणे प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाने मोजले जाई. लंडनच्या ॲडम हिल्गर या नामांकित पेढीने तो बनवून विकायला काढला. वसाहतीतील विद्यापीठात कल्पिलेले उपकरण साम्राज्याच्या राजधानीत तयार होऊन विकले जावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. १९३५ मध्ये या दोघांचा चुंबकीय रसायनावरील ग्रंथ मॅकमिलनने प्रसिद्ध केला. थोडक्यात, एकाच आवारात एका वर्गात मुले शिकत होती, दुसऱ्या खोलीत चुंबकत्वाचे मापन होत होते आणि तिसरीत तेल, कापड व वनस्पती तुपाच्या कारखानदारांच्या अडचणी सुटत होत्या. हा लाहोरचा नमुना होता.

१९४० साली तो मोडला. दुसरे महायुद्ध सुरू झाले होते, युरोपातून येणारा माल बंद झाला होता आणि जी गोष्ट शांततेच्या काळात करावीशी वाटली नव्हती ती सरकारला युद्धामुळे करावी लागली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील व्यापार सदस्य रामस्वामी मुदलियार यांच्या पुढाकाराने वैज्ञानिक व औद्योगिक संशोधनाचे मंडळ स्थापन झाले आणि त्याची सूत्रे भटनागरांकडे आली. ते लाहोर सोडून कलकत्त्यास अलीपूरला गेले. विषारी वायूला दाद न देणारे कापडाचे रोगण, सहजी न फुटणारे डबे, आग विझवणारा फेस, वनस्पती तेलांपासून वंगण, अशी कामे या काळात झाली. यांपैकी निम्मी तरी कलिलांचीच कामे होती. जुन्या विद्येने नव्या जागी साथ दिली. १९४१ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. २६ सप्टेंबर १९४२ रोजी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद अस्तित्वात आली, तेव्हा ‘छोडो भारत’ चळवळीला दोन महिनेही झाले नव्हते आणि देशाचे नेते तुरुंगात होते. अशा वेळी परकीय सरकारच्या चाकरीत संस्था उभारणाऱ्या ‘सर’ भटनागरांकडे पुष्कळांनी संशयाने पाहिले. तो संशय अनाठायी होता असे आज म्हणणे सोपे आहे. तेव्हा तो स्वाभाविक होता. १९४७ मध्ये परिषदेचे अध्यक्षपद नेहरूंकडे आले आणि त्यांनी हाच माणूस कायम ठेवला, यात त्या संशयाचे उत्तर मिळाले. दरम्यान १९४६ मध्ये पत्नी लाजवंती वारल्या. भटनागरांच्या उर्दू कवितांच्या संग्रहाला त्यांचेच नाव दिलेले आहे.

त्यानंतरचा वेग थक्क करणारा आहे. १९५० या एकाच वर्षात पुणे, दिल्ली, धनबाद, कलकत्ता, म्हैसूर आणि जमशेदपूर येथे सहा राष्ट्रीय प्रयोगशाळांची दारे उघडली. उद्योगपतींकडून देणग्या, राज्यांकडून जमिनी आणि अर्थखात्याकडून मंजुरी मिळवताना भटनागरांनी कोणाचेच ऐकून घेतले नाही, असे म्हणावे लागते. याच काळात ते अणुऊर्जा आयोगावर भाभा आणि कृष्णन यांच्याबरोबर होते, शिक्षणखात्याचे सचिव होते आणि १९५१ पासून नैसर्गिक साधनसंपत्ती व वैज्ञानिक संशोधन खात्याचेही सचिव होते. रामन यांनी या वाढीची थट्टा करताना तिला भौतिकीतील एखाद्या परिणामाप्रमाणे नेहरू आणि भटनागर या दोघांचे नाव जोडले, हे प्रसिद्धच आहे.

थट्टेपेक्षा गंभीर टीका मेघनाद साहांची होती. हे तेच साहा, ज्यांनी लाहोरच्या प्राध्यापकाचे अभिनंदन केले होते आणि जे १९४४-४५ साली इंग्लंड-अमेरिकेतील वैज्ञानिक संस्था पाहण्यासाठी भटनागरांच्याच सोबतीने गेले होते. विद्यापीठे दुर्बळ ठेवून त्यांच्याबाहेर सरकारी संशोधनाचे इमले उभारणे म्हणजे झाडाचे मूळ सोडून फांद्यांना पाणी घालणे होय, असा त्यांचा रोख होता. १९५२ मध्ये लोकसभेत निवडून आल्यावरही त्यांनी हा विषय सोडला नाही. प्रयोगशाळांत पगार चांगले, उपकरणे नवी आणि शिकवण्याची जबाबदारी नाही; अशा स्थितीत बुद्धिमान अध्यापक विद्यापीठात राहणार कशाला, हा प्रश्न तेव्हाही बिनतोड होता.

भटनागरांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. शिक्षण हा तेव्हा प्रांतांचा विषय होता. केंद्राला विद्यापीठांच्या कारभारात थेट शिरता येत नव्हते, मात्र स्वतःची प्रयोगशाळा काढता येत होती. स्वतंत्र देशाला धातू, इंधन, काच, औषधे आणि अन्न यांच्या प्रश्नांची उत्तरे लवकर हवी होती आणि परीक्षांच्या चक्रात सापडलेली विद्यापीठे ती देतील असा भरवसा थोड्यांनाच होता. परिषद विद्यापीठांतील संशोधनाला अनुदाने देत होती, हेही खरे. तरीही हे स्पष्टीकरण झाले, समर्थन नव्हे. लाहोरचे उदाहरण दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते तर गोष्ट वेगळी होती. दीड लाख रुपये विद्यापीठाच्या पदरात टाकण्याचा आग्रह धरणाऱ्या माणसाला ते पुरेपूर ठाऊक होते. युद्धकाळातल्या घाईत स्वीकारलेली चौकट युद्ध संपल्यावर तशीच राहिली आणि ती बदलण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांत भटनागर पहिले होते, एवढा दोष त्यांच्याकडे जातोच.

त्यांना स्वतःला याची जाणीव झाली असावी काय? त्यांच्या आयुष्यातील शेवटची मोठी जबाबदारी पाहिली की तशी शंका येते. डिसेंबर १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन झाले आणि त्याचे पहिले अध्यक्ष भटनागर झाले. प्रयोगशाळांना मिळवून दिला तसा पैसा आणि तसा जोर विद्यापीठांना मिळवून देण्याची संधी प्रथमच त्यांच्यापुढे आली होती. तिचा उपयोग करायला त्यांना वर्षभराचाच अवधी मिळाला. १ जानेवारी १९५५ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने दिल्लीत त्यांचे निधन झाले. वयाची एकसष्ट वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आयोगाला संसदेच्या कायद्याचा आधार मिळाला तो १९५६ साली.

महाराष्ट्रात त्यांच्या कार्याची खूण पाहायची तर पाषाणला जावे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला एप्रिल १९४७ मध्ये बाळासाहेब खेरांनी बसवली आणि ३ जानेवारी १९५० रोजी नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. तिचे पहिले संचालक जेम्स मॅकबेन हे कलिलांचेच अभ्यासक होते. साबणाचे रेणू पाण्यात पुंजक्यांनी राहतात, ही आज सर्वमान्य झालेली कल्पना त्यांनी मांडली तेव्हा तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हते. साबणावर प्रबंध लिहिणाऱ्या भटनागरांच्या परिषदेने पुण्याची प्रयोगशाळा साबणाच्या पंडिताकडे सोपवली, ही जुळणी लक्षात राहण्याजोगी आहे. त्यांच्यानंतर आलेले जॉर्ज फिंच हे १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूची नळकांडी घेऊन चढलेले गिर्यारोहक. पहिले भारतीय संचालक वेंकटरमण मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रविद्या विभागातून आले, तेव्हा साहांचा मुद्दा एका नियुक्तीपुरता का होईना खरा ठरला.

पाषाणपासून हाकेच्या अंतरावर गणेशखिंडीत १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले होते. प्रयोगशाळेतील संशोधकांच्या हाताखाली काम करून विद्यापीठाची पीएच. डी. घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि दोन्ही संस्थांना ते भूषणावह आहे. परंतु बी. एस्सी.च्या वर्गातल्या मुलाला त्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाने रोज येऊन रसायनशास्त्र शिकवावे, अशी व्यवस्था तेथे नव्हती. लाहोरला ती होती. पुण्यात, त्याच पाषाणच्या परिसरात, पदवीचे शिक्षण आणि संशोधन एका छताखाली आणणारी भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था २००६ साली सुरू झाली. आरंभीच्या दिवसांत तिला आसरा दिला तो राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेच.